रद्दीवाल्याकडे 'बनगरवाडी'ची सही असलेली जुनी प्रत मिळाली आहे. सही खरी असेल का, आणि प्रत विकावी का?

आधी आवृत्तीचं साल बघा. कादंबरीची पहिली आवृत्ती 1955 ची आणि व्यंकटेश माडगूळकर गेले 2001 मध्ये. त्यानंतर छापलेल्या प्रतीवर सही असेल तर ती त्यांची नाही, विषय तिथेच संपला. साल जुळत असेल तर सही भिंगाखाली धरा. छापील सहीत बरेचदा बारीक ठिपके दिसतात. पेनाची शाई कागदाच्या धाग्यांत मुरलेली असते, कधी मागच्या बाजूला दाबही उमटतो. मग तात्यांच्या, म्हणजे माडगूळकरांच्या, इतर खात्रीच्या सह्यांशी ताडून पाहा.

वर 'सप्रेम भेट' आणि कुणाचं नाव असेल तर ते खोडू नका. उलट त्यामुळेच प्रत खरी असण्याला बळ मिळतं. सेलोटेप अजिबात लावू नका, काही वर्षांत पिवळा डाग कायमचा बसतो. पावसाळ्यात कसर लागते, म्हणून कोरड्या जागी उभी ठेवा आणि अधूनमधून उघडा.

विकायचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे: विकू नका. माणदेशातल्या धनगरांचं, मेंढरांचं आणि दुष्काळाचं जगणं इतक्या जवळून लिहिणाऱ्या माणसाचा हात त्या पानावरून फिरला आहे. आधी वाचा तरी!