गच्चीच्या गळतीसाठी पॉलिसी मोडू का?

प्रश्न: डोंबिवलीत शेवटच्या मजल्यावर राहतो. पावसात बेडरूमचं छत झिरपतं, कपाटामागे काळी बुरशी धरलीय, मुलाचा खोकला हटत नाही. ठेकेदार आतून वॉटरप्रूफिंगचे २ लाख ८० हजार सांगतो. पर्सनल लोन काढू की बँकेतून घेतलेली पॉलिसी मोडू? ६० हजारांचे तीन हप्ते भरलेत, सरेंडरचे १ लाख ५ हजार मिळतील. मिस्टर ३८ वर्षांचे, घरखर्च ४५ हजार. दुसरा विमा नाही.

ताई, छताचा खर्च मुळात तुमचा नाहीच. गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या मजल्याचं छत, प्लास्टर खराब झालं तर दुरुस्ती सोसायटीने करायची, असं आदर्श उपविधी, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांची नमुना नियमावली, सांगते. सेक्रेटरींना फोटोंसह अर्ज द्या, पोच घ्या. दाद दिली नाही तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जा. आणि पाणी वरून येत असताना आतून केमिकल फासून काय होणार? पुढच्या पावसात पुन्हा पोपडे. लोन तर नकोच. चौदा टक्क्यांनी तीन वर्षांत साठ-पासष्ट हजार नुसतं व्याज जाईल.

मला धास्ती वाटली ती तुमच्या शेवटच्या वाक्याची.

पॉलिसीचा कागद पाहिला. बारा वर्षांत भरणार ७ लाख २० हजार, विसाव्या वर्षी मिळणार १२ लाख. म्हणजे वर्षाला जेमतेम साडेतीन टक्के! पीपीएफ आज ७.१ देतो. 'एफडीच्या दुप्पट' म्हणून ही तुमच्या गळ्यात मारली, याचा मला संताप येतो. आणि विमा किती? ६ लाख. मिस्टरांचं काही बरंवाईट झालं तर तेरा महिन्यांचा घरखर्च. चौदाव्या महिन्यात मुलाची फी कोण भरणार?

आधी १ कोटीचा टर्म विमा घ्या, म्हणजे बचत नसलेला, फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा. तंबाखू-सिगारेट नसेल आणि तब्येत ठीक असेल तर वर्षाला साधारण पंधरा-वीस हजार. प्रपोजलमध्ये काही लपवू नका. ती पॉलिसी हातात पडली की मगच जुनी सरेंडर करा, आधी नाही. ७५ हजार बुडतील, जीव तुटेल. पण ते वाचवायला अजून ५ लाख ४० हजार ओतलेत तरी इथून पुढे पाच टक्केही सुटत नाहीत. आलेले १ लाख ५ हजार एफडीत ठेवा. सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे २ लाख ७० हजार साठेपर्यंत वाचलेला हप्ताही तिथेच टाका.

आज मात्र एवढं कराच: कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि मुलाची गादी हॉलमध्ये घाला.