नागपूरच्या हवेत ऑलिव्हची कोणती जात लावावी?

काटोलकडे संत्र्याची बाग आहे, त्यातलं एक एकर मोडून ऑलिव्ह लावायचं, तर जात कोणती, असं तुम्ही विचारलंय. नावं आधी सांगून टाकतो: आर्बेक्विना आणि कोरोनेइकी. पहिली स्पेनची, दुसरी ग्रीसची. दोन्हींचं कमी थंडीत भागतं. पण संत्रा मोडू नका. चार-सहा झाडं लावून बघा.

संत्र्यात आपण पाणी तोडतो, बाग ताणावर सोडतो आणि आंबिया बहार, म्हणजे थंडीअखेरची फुलं, धरतो. ऑलिव्हचंही असंच असेल, अशी माझी समजूत होती. तसं नाही. त्याला फुलावर आणते ती थंडी. हिवाळ्यात काही आठवडे रात्री पुरेशा गार गेल्या नाहीत, तर झाड नुसतं पानावर जातं. कितीही ताण द्या. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा साधारण दहा-बारावर असतो. 2018 च्या डिसेंबरअखेर तो 3.5 अंशांवर उतरला होता, पण तसा गारठा दरवर्षी कुठे पडतो? म्हणून फ्रांतोयो, लेच्चिनो या जास्त थंडी मागणाऱ्या इटालियन जातींच्या वाटेला जाऊ नका.

राजस्थानात जमलं मग इथे का नाही, असं मलाही वाटायचं. तिथे इस्रायलहून रोपं आणून 2008 पासून लागवड झाली, बिकानेरजवळ लुणकरणसरला तेल काढण्याचा कारखानाही उभा राहिला. पण बिकानेरची थंडी आपल्यापेक्षा कडक, जमीन रेताड आणि पाऊस आपल्या चौथाईच्या आसपास. आपल्या काळ्या जमिनीत ऑगस्टभर वाफसा येत नाही, म्हणजे पाणी निचरून माती मोकळी होत नाही. ऑलिव्ह उन्हाळा सोसतं, मुळाशी साचलेलं पाणी नाही.

कळमेश्वरला मी पाच रोपं लावली होती. काळ्या वावरातली तीन दुसऱ्याच पावसाळ्यात मुळं कुजून गेली. मुरमाड धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, दोन आज सहा वर्षांची आहेत, दिसायला देखणी. फुलं एकदाच आली, त्यातली बरीच एप्रिलच्या झळांनी गळाली. मूठभर फळं मिळाली. एक तसंच चावून पाहिलं तर कडूजहर! मिठाच्या पाण्यात कित्येक दिवस मुरवल्याशिवाय ते तोंडात धरवत नाही.

रोपं घेताना एक सांभाळा. नर्सरीत ‘इंडियन ऑलिव्ह’ म्हणून जलपाई गळ्यात मारतात. ते झाडच वेगळं. जातीचं नाव लिहिलेलं, फाट्यापासून तयार केलेलं रोपच मागा, बियांचं नको. दोन्ही जाती जवळजवळ लावा, परागीकरण वाऱ्यावर होतं. आणि जागा धुऱ्याची किंवा उताराची घ्या, जिथे पाऊस थांबल्यावर तासाभरात पाय चिखलात रुतत नाही.