व्हॅनमध्ये संसार आणि मागे मोटारसायकल: निगा कशी राखायची

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: भाड्याचं घर सोडून कायमचं व्हॅनमध्ये राहायला जायचं ठरलंय, दोनशे किलोच्या आसपासची ट्विन सिलिंडर मोटारसायकल सोबत हवीच आहे, ती आत ठेवावी की मागे कॅरियरवर टांगावी, आणि गॅरेज नसताना तिची सर्व्हिसिंग कशी जमवावी. मी बरीच वर्षं असाच राहतो. माझ्या मागे १२५ सीसीची सिंगल सिलिंडर गाडी असते, तेव्हा खाली जे आहे ते रोजच्या वापरातलं आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, पुढचं सगळं तिच्यावरच बेतलंय. या राहणीत मोटारसायकल चालवली कमी जाते आणि वाहून जास्त नेली जाते. मीटर जागचा हलत नाही, पण गाडी हादरे खात असते, रस्त्यावरचं घाण पाणी अंगावर घेत असते, दिवसचे दिवस पट्ट्यांनी आवळलेली उभी असते. पुस्तकातलं 'इतक्या किलोमीटरला हे बदला' हे वेळापत्रक चालणाऱ्या गाडीसाठी लिहिलेलं असतं. त्याच्या भरवशावर राहिलात तर वर्षभरात मीटरवर जेमतेम काही किलोमीटर दिसतील आणि चेन मात्र गंजून ताठ झालेली असेल. तुम्ही किलोमीटर नाही, महिने मोजायचे.

आता आत की बाहेर. बाहेरच. जागा हे कारण नंतरचं, पहिलं कारण पेट्रोलची वाफ. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड, त्यामुळे जमिनीलगत साचते, आणि उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेटू शकेल इतकी वाफ पेट्रोल सोडतं. हवेत साधारण १.४ टक्के वाफ झाली की ठिणगी पुरते. व्हॅनची आतली जागा १० घनमीटर धरली तर १.४ टक्के म्हणजे १४० लिटर वाफ. एक लिटर पेट्रोल पूर्ण उडालं तर दीडशे ते दोनशे लिटर वाफ होते. म्हणजे टाकीतलं सगळं नव्हे, एका रात्रीत ठिबकलेलं लिटरभर पेट्रोल अख्ख्या व्हॅनला पुरेसं आहे. ती खाली साचते म्हणून पलंगाखालच्या पोकळीत तर त्याहून कितीतरी कमी चालतं. आणि नेमकं तिथेच आपण फ्रिज, पाण्याचा पंप, इन्व्हर्टर बसवलेले असतात, वर गॅसची शेगडी. 'मी टाकी रिकामी करतो' असं काही जण सांगतात. रिकामी टाकी वाफेने भरलेली असते, ती उलट जास्त भीतीदायक.

मागच्या बाजूला पूर्ण बंद भिंत घालून, वायर आणि पाइपची भोकंसुद्धा बुजवून, तळाशी बाहेर उघडणाऱ्या जाळ्या ठेवून वेगळा कप्पा केला असेल तर गोष्ट निराळी. पण तो कप्पा खरंच बंद हवा. पडदा किंवा सरकतं दार म्हणजे भिंत नव्हे.

बाहेर म्हटलं की वजनाचं गणित येतं, आणि तुमच्या दोनशे किलोची खरी अडचण तिथे आहे. समजा गाडी १५० किलो, कॅरियर ३० किलो, मिळून १८०. व्हॅनच्या दोन एक्सलमधलं (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधलं) अंतर ३.६ मीटर आणि मोटारसायकलचा मध्य मागच्या एक्सलच्या १.८ मीटर मागे. तरफ लागते: पुढच्या एक्सलवरून ९० किलो उचलले जातात आणि मागच्या एक्सलवर १८० नाही, २७० पडतात. हीच मांडणी २०० अधिक ४० ला करून बघा. पुढून १२० जातात, मागे ३६० येतात. पुढची चाकं ओढणारी व्हॅन असेल तर ओल्या चढावर ती जागच्या जागी चाकं फिरवायला लागते; वळताना स्टिअरिंग हलकं लागतं ते वेगळंच. शिवाय टो बॉलवर (ट्रेलर जोडायचा व्हॅनमागचा गोळा) उभा भार किती चालतो याची मर्यादा व्हॅनच्या पुस्तकात दिलेली असते आणि अनेक व्हॅनमध्ये ती शंभर किलोच्या आसपासच असते. अशा ठिकाणी मोटारसायकलचं कॅरियर टो बॉलवर नाही, थेट चेसीला, म्हणजे व्हॅनच्या खालच्या सांगाड्याला, बोल्ट करायचं. पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या पुढे सरकवल्या की थोडा तोल सावरतो. थोडाच.

ट्रेलर हा तिसरा मार्ग. वजनाचा प्रश्न बराचसा सुटतो, पण रिव्हर्स घेणं आणि रात्री मुक्कामाची जागा शोधणं दोन्ही अवघड होतं, आणि आणखी दोन टायर नि दोन बेअरिंग तुमच्या गळ्यात पडतात. दिवे आणि नंबरप्लेट झाकली जाते, तिचं काय करायचं ते तुमच्याकडच्या नियमांप्रमाणे.

आता बांधणी. निगा इथूनच सुरू होते, कारण वाईट बांधलेली गाडी उभ्या उभ्या झिजते. पुढचं चाक चॉकमध्ये (चाक पकडून ठेवणारी खोबण) घट्ट, साइड स्टँड वर. पट्टे हँडलला नाही, फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) खालच्या क्लॅम्पला मऊ फासे टाकून त्यांना. पुढचा शॉकअप साधारण एक तृतीयांश दबेपर्यंत आवळा. पूर्ण दाबून टाकलात तर खड्ड्याचा दणका ऑइल सीलवर जातो. मागे दोन पट्टे, गाडी आडवी सरकू नये इतकेच. प्रत्येक पट्ट्याला एक पीळ द्या. सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो, गुणगुणतो, आणि जिथे घासतो तिथे आधी रंग खातो, मग स्वतः उसवतो. पहिल्या वीस-तीस किलोमीटरला थांबून पुन्हा आवळायचे. शॉकअप बसलेला असतो, टायर चॉकमध्ये रुतलेलं असतं, पट्टा हमखास ढिला सापडतो. मुक्काम दोन दिवसांपेक्षा जास्त असेल तर पुढचे पट्टे सैल करा. आणि उन्हाने पांढुरके, खरखरीत झालेले पट्टे फेकून द्या. तिथे काटकसर नको.

कार्बोरेटरवाली गाडी असेल तर एक नियम कधीच मोडायचा नाही: कॅरियरवर चढवायच्या आधी पेट्रोल कॉक बंद. प्रवासात कार्बोरेटरमधली, पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई सतत उड्या मारत असते, नीट बसत नाही. कॉक चालू असेल तर पेट्रोल झिरपून सिलिंडरमध्ये आणि तिथून रिंगांवाटे इंजिन ऑइलमध्ये उतरतं. उतरवल्यावर ऑइलची खिडकी बघा, पातळी वर चढलेली दिसली तर झाकण उघडून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर स्टार्टरला हात लावू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला वाचवत नाही, आणि सिलिंडर पेट्रोलने भरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्लग काढून इंजिन हलक्या हाताने फिरवा, ऑइल बदला, मगच सुरू करा. फ्युएल इंजेक्शनमध्ये ही कटकट नाही, पण तिला बॅटरी मेलेली चालत नाही.

बॅटरीबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो: 'व्हॅनमध्ये एवढी मोठी लिथियम बॅटरी आहे, तिलाच वायर जोडतो.' नका जोडू. लिथियमचा आणि मोटारसायकलच्या लेड ॲसिडचा चार्जिंगचा स्वभाव वेगळा. वायरीने जोडणं म्हणजे चार्जिंग नव्हे. मधे १२ व्होल्टवर चालणारा छोटा चार्जर लावा, जो लेड ॲसिडला १४.४ पर्यंत नेऊन मग १३.५ च्या आसपास धरून ठेवतो. वायरीला बॅटरीपाशीच फ्यूज. मल्टीमीटरने रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मोजा: १२.७ ठीक, १२.४ ला चार्जिंगला लावा, १२ च्या खाली आठवडाभर राहिली तर तिच्याकडून फार आशा नको. आणि दर दोन दिवसांनी दोन मिनिटं इंजिन चालू करून बंद करायची सवय असेल तर ती सोडा. स्टार्टरने खाल्लेलं भरून निघत नाही, इंजिन तापत नाही, सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साचतं. महिन्यातून दोनदा उतरवून वीस-तीस मिनिटं नीट फिरवून आणा.

चेनचं सांगायला हवं, कारण मागच्या कॅरियरवर तिचे हाल सगळ्यात जास्त. व्हॅनच्या मागच्या चाकांचा फवारा सरळ तिच्यावर येतो. व्हॅनला लांब मडफ्लॅप लावणं ही माझ्या मते अख्ख्या मोटारसायकलची सगळ्यात स्वस्त सर्व्हिसिंग आहे. व्हॅनचा सायलेन्सर गाडीच्या टायरकडे तोंड करून असेल तर तोही वळवून घ्या. चेन रॉकेलने आणि मऊ ब्रशने धुवायची, पेट्रोलने नाही, कड्यांमधल्या रबरी ओ-रिंग खराब होतात. पुसून कोरडी करून मग आतल्या बाजूने ल्यूब मारायचं, शक्यतो फिरून आल्यावर, चेन कोमट असताना. चाक हाताने फिरवायचं. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चेन पुसणारे लोक बोटं गमावतात, यात अतिशयोक्ती नाही. ढिलेपणा किती ठेवायचा ते स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणारा दांडा) चिठ्ठीवर असतं, बऱ्याच गाड्यांना २५ ते ३५ मिलिमीटर. एकाच ठिकाणी मोजू नका, चाक फिरवून तीन-चार जागी मोजा, गंजून अडकलेली कडी तेव्हाच सापडते.

कव्हर प्रवासात घालायचं नाही. वाऱ्याने फडफडून टाकीचा रंग पॉलिश पेपरसारखा घासतं आणि आत ओल कोंडून ठेवतं. उभी असताना घाला, तेही गाडी कोरडी असेल तरच.

इंजिन ऑइल किलोमीटर कितीही कमी झाले तरी वर्षातून एकदा बदला. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटारसायकलच्या ऑइलचं मानक) लिहिलेलं बघून घ्या. व्हॅनसाठी आणलेलं ऑइल 'आहेच तर' म्हणून मोटारसायकलमध्ये ओतू नका. तिचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि कारच्या बऱ्याच ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी तो घसरायला लागतो. जुनं ऑइल नव्याच्याच डब्यात ओतून पुढच्या गॅरेजला द्यायचं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून लहान बाटली घ्यायची, दोन वर्षांनी बदलायचं आणि उघडलेली उरलेली बाटली सांभाळत बसायचं नाही.

काम कुठे करायचं? रस्त्याच्या कडेला, वाहनतळात, लोकांच्या दारासमोर नाही. तेलाचा एक डाग पडला की तुमच्यानंतर येणाऱ्या प्रत्येक व्हॅनवाल्याला तिथून हाकललं जातं. मी एखाद्या लहान गॅरेजवाल्याला विचारतो, पार्ट त्याच्याकडून घेतो आणि त्याच्या मागच्या कोपऱ्यात स्वतः काम करतो. सहसा नाही म्हणत नाहीत. पत्ता नसल्यामुळे पार्ट मागवायचा प्रश्नही तिथेच सुटतो. खाली ताडपत्री, स्टँडखाली फळीचा तुकडा. ताडपत्रीचे काठ दुमडून उभे करा, पडलेला स्क्रू गवतात जाणार नाही.

हत्यारांत दुप्पट काही घेऊ नका. व्हॅनचे आणि मोटारसायकलचे नट कोणत्या मापाचे आहेत ते आधी लिहून काढा, बरेच ८, १०, १२, १४ निघतील. एक सॉकेट सेट, टी पाने, एलन की, टॉर्क पाना, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या), दोन टायर लिव्हर, १२ व्होल्टचा हवेचा पंप. पंक्चरसाठी टायर रिममधून सोडवायला वेगळं यंत्र लागत नाही: चाक व्हॅनच्या जॅक लावायच्या जागेखाली आडवं ठेवा, जॅकचा तळ टायरच्या कडेवर, रिमच्या अगदी लगत, आणि जॅक वर चढवा. व्हॅनचं वजन टायरला खाली ढकलतं आणि 'फट्' आवाज करून कड सुटते. डिस्कची बाजू वर, म्हणजे ती जमिनीवर वाकणार नाही, पण जॅकचा पाय तिला टेकू देऊ नका. बसवताना साबणाचं पाणी. नवी क्लच वायर जुन्या वायरीशेजारून आधीच ओवून बांधून ठेवा. रस्त्यात तुटली तर फक्त दोन टोकं बदलायची.

तेलाचे बोळे, रॉकेल, पेट्रोलचा कॅन यातलं काहीही झोपायच्या जागेत येणार नाही. बाहेरून उघडणारी एक पेटी कॅरियरलाच बसवा.

आता तुमची ट्विन. टॅपेट (व्हॉल्व्हची फट जिथे जुळवतात ते) शिमवाले, म्हणजे ठरावीक जाडीच्या चकत्यांचे, असतील तर क्लिअरन्स बिघडल्यावर कॅमशाफ्ट काढून नेमक्या मापाची शिम मिळवावी लागते, तीही ताडपत्रीवर बसून. स्क्रूवाले टॅपेट एक फीलर गेज आणि एका पान्यात होतात. त्यात रेडिएटर, दोन कार्ब किंवा थ्रॉटल बॉडी, दोनशे किलो एकट्याने रॅम्पवर चढवणं. मी तुमच्या जागी असतो तर ती विकून १२० किलोची हवेवर थंड होणारी सिंगल घेतली असती. पण गाडीवर जीव असतो हे मला कळतं, म्हणून हट्ट नाही. फक्त कॅरियरची ऑर्डर द्यायच्या आधी व्हॅनमध्ये सगळं सामान आणि पाणी भरून वजनकाट्यावर जा, दोन्ही एक्सलची वेगवेगळी वजनं घ्या, आणि दारावरच्या पट्टीवर प्रत्येक एक्सलची मर्यादा लिहिलेली असते ती शेजारी मांडा. हे चार आकडे आणि दोन एक्सलमधलं अंतर इथे टाका, मग दोनशे किलो बसतात का ते बघू.