'अँकर'ला मराठीत काय म्हणावे?

एका अनुवादकाने विचारले आहे की, वॉल्टर क्रॉन्काइट, पीटर जेनिंग्ज अशा अमेरिकी दूरचित्रवाणी पत्रकारांच्या कारकिर्दीविषयी मराठीत लिहिताना 'अँकर' या पदासाठी 'वृत्तनिवेदक' लिहावे की 'सूत्रसंचालक', आणि या शब्दाचा जहाजाच्या नांगराशी काही संबंध आहे का.

नांगराचे आधी सांगतो. संबंध आहे, पण तो थेट नाही. रस्सीखेचीत दोराच्या टोकाशी पाय रोवून उभा राहणारा धिप्पाड गडी आणि रिले शर्यतीत शेवटचा टप्पा धावणारा भरवशाचा धावपटू, या दोघांनाही इंग्रजीत 'अँकर' म्हणजे नांगर यावरून 'अँकरमन' म्हणत. दूरचित्रवाणीच्या बातम्यांत हा शब्द रुळला तो १९५२ मध्ये. त्या वर्षी रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक या दोन्ही पक्षांची अधिवेशने शिकागोत भरली होती. सीबीएस या दूरचित्रवाणी वाहिनीचे वार्ताहर सभागृहात फिरून माहिती मिळवत होते आणि ती सगळी एका जागी बसून, सांधून, प्रेक्षकांना सलगपणे सांगण्याचे काम क्रॉन्काइट करत होते. या कामाला हे नाव सीबीएसचे वृत्तप्रमुख सिग मिकेल्सन यांनी दिले की निर्माते डॉन ह्यूइट यांनी, याबद्दल एकमत नाही. (स्वीडनमध्ये अँकरला क्रॉन्काइट यांच्याच नावावरून पडलेला शब्द वापरतात, ही आख्यायिका इंग्रजीत अनेकदा छापली गेली आहे. स्वीडिश भाषेत तसा शब्द रूढ नाही, तेव्हा ती अनुवादात उतरवू नये.)

आता मुख्य प्रश्न. 'वृत्तनिवेदक' हा शब्द आपल्या कानांवर बसला तो आकाशवाणी आणि दूरदर्शनमुळे. वृत्तविभागाने तयार केलेले बातमीपत्र स्पष्ट, शुद्ध उच्चारांत वाचणे हे या निवेदकाचे काम. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या देत असत, तेव्हा त्यांनी वार्ताहर म्हणून किती वर्षे काढली, असा प्रश्न कोणाच्या मनात येत नसे आणि येण्याचे कारणही नव्हते. अमेरिकेतील अँकरच्या बाबतीत मात्र तोच प्रश्न पहिला असतो. क्रॉन्काइट हे दुसऱ्या महायुद्धात युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे युद्धवार्ताहर होते. १९६२ ते १९८१ या काळात सीबीएसच्या सायंकालीन बातमीपत्राचे अँकर असताना ते त्याचे व्यवस्थापकीय संपादकही होते, म्हणजे कोणती बातमी घ्यायची आणि तिला किती वेळ द्यायचा, यात त्यांचा शब्द चालत असे. अशा माणसाला 'वृत्तनिवेदक' म्हटले की त्याच्या हातातले संपादन वाचकाला दिसेनासे होते.

जेनिंग्ज यांची कारकीर्द तर हा फरक दाखवण्यासाठीच घडली असावी, असे वाटते. १९६५ मध्ये एबीसी या वाहिनीने या सव्वीस वर्षांच्या देखण्या कॅनेडियन तरुणाला अँकरच्या खुर्चीत बसवले. समोरच्या वाहिनीवर क्रॉन्काइट होते. जेनिंग्ज यांचा टिकाव लागला नाही. ते खुर्ची सोडून वार्ताहर झाले, त्यांनी बैरूतमध्ये एबीसीचे कार्यालय उभे केले, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधील ओलीसप्रकरणाचे प्रत्यक्ष वार्तांकन केले, १९७८ पासून लंडनहून तीन अँकरांपैकी एक म्हणून ते पुन्हा दिसू लागले आणि १९८३ मध्ये ते बातमीपत्र एकट्या त्यांच्याकडे आले, ते २००५ पर्यंत. माझ्या मते, पहिल्या खेपेला ते फार तर वृत्तनिवेदक होते; अँकर झाले ते दुसऱ्या खेपेला. पदनाम दोन्ही वेळा एकच असल्यामुळे अनुवादात 'अँकर'च ठेवावे आणि फरक वाक्यातून सांगावा.

'सूत्रसंचालक' हा शब्द अर्थाने जवळचा आहे खरा, पण तो वाचला की समारंभ, ध्वनिक्षेपक आणि पाहुण्यांचा परिचय डोळ्यांपुढे येतो. त्याची जागा सकाळच्या गप्पावजा कार्यक्रमांत आहे. अमेरिकी पत्रकार बार्बरा वॉल्टर्स एनबीसी वाहिनीच्या 'टुडे' कार्यक्रमात १९६१ मध्ये लेखन-संशोधनासाठी आल्या. पडद्यावर वर्षानुवर्षे काम करूनही त्यांना सहसूत्रसंचालक हे पद मिळाले ते १९७४ मध्ये. १९७६ मध्ये त्या एबीसीच्या सायंकालीन बातमीपत्रात हॅरी रीझनर यांच्या जोडीला आल्या आणि राष्ट्रीय वाहिनीवरील अशा बातमीपत्राच्या पहिल्या महिला सहअँकर ठरल्या. दोन्ही ठिकाणी 'सहनिवेदिका' लिहिले, तर या बदलात एवढे विशेष काय होते, हे मराठी वाचकाला कळणार नाही. 'सहअँकर' हा संकर कानाला खटकतो, हे मान्य; तरी तो चालवून घ्यावा.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. आपल्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत पहिल्या पानाच्या तळाशी लावलेल्या ठळक बातमीलाही 'अँकर' म्हणतात. त्यामुळे मजकुरात वृत्तपत्रांचाही उल्लेख असेल, तर पहिल्या वेळी 'बातमीपत्राचे अँकर' असे पूर्ण लिहावे. 'त्यांनी बातमीपत्र अँकर केले' हे बोलण्यात खपते, लेखनात नको. तेथे 'बातमीपत्राची धुरा त्यांच्याकडे होती' असे सरळ म्हणता येते.