मस्टँगचा सुपरचार्जर: नेमके कशासाठी थांबायचे?

प्रश्न: स. न. वि. वि. मी मूळचा सांगलीचा असून सध्या कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे राहतो. माझ्याकडे २०१९ ची फोर्ड मस्टँग जीटी आहे. तिला ५.० लिटरचे व्ही-८ इंजिन आणि दहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असून कंपनीने दिले त्यात मी काहीही बदललेले नाही. एका शॉपच्या वेबसाइटवरून मी स्क्रू पद्धतीच्या सुपरचार्जरचे किट मागवले आणि निम्मी रक्कम कार्डाने आगाऊ भरली. सहा आठवडे लागतील असे सांगितले होते. आता पाचवा महिना चालू आहे आणि दर वेळी नवी तारीख मिळते. मित्र म्हणतात की सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर घ्यायला हवा होता. दुसरे एक शॉप टर्बो किट लगेच बसवून देण्यास तयार आहे आणि त्यात ताकदही जास्त मिळेल असे सांगते. गाडी रोज ऑफिसला नेतो, सुट्टीत घाटरस्त्यांवर फिरवतो आणि अधूनमधून लगुना सेकाच्या ट्रॅकवर नेण्याची इच्छा आहे. थांबावे, की ऑर्डर रद्द करून टर्बोकडे वळावे?

उत्तर: टर्बोकडे वळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण टर्बो वाईट आहे हे नसून आपण कॅलिफोर्नियात राहता हे आहे. त्या राज्याच्या वाहन कायद्याचे कलम २७१५६ प्रदूषण नियंत्रणाच्या यंत्रणेत फेरफार करणाऱ्या सुट्या भागांना मनाई करते. कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाने, म्हणजे तिथे ज्याला सगळे ‘कार्ब’ म्हणतात त्या मंडळाने, ज्या भागाला तपासून एक्झिक्युटिव्ह ऑर्डर (ईओ) दिली असेल, तेवढ्यालाच यातून सूट मिळते. या ऑर्डरचा क्रमांक ‘डी’ अक्षराने सुरू होतो, ती कोणत्या गाडीला, कोणत्या वर्षाला आणि कोणत्या इंजिनाला लागू आहे हे तिच्यात लिहिलेले असते, आणि किटसोबत आलेले तिचे लेबल बॉनेटखाली दिसेल असे लावायचे असते.

सुपरचार्जर आणि टर्बो दोन्ही इंजिनात जास्त हवा दाबून भरतात. सुपरचार्जर इंजिनच्या पट्ट्यावर चालतो, त्यामुळे एक्झॉस्टची मूळ रचना जशीच्या तशी राहते. टर्बो मात्र एक्झॉस्टच्याच वाटेत बसतो. गाडी थंड असताना सुरू केल्यावर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापला तरच तो काम करू लागतो, आणि मध्ये बसलेले टर्बोचे धातूचे जड भाग नेमकी तीच उष्णता शोषून घेतात. शिवाय जागा करण्यासाठी बहुतेक वेळा कन्व्हर्टर हलवावे लागतात किंवा बदलावे लागतात. म्हणून टर्बो किटला ही मान्यता मिळवणे सुपरचार्जरच्या तुलनेत फार अवघड जाते. त्या दुसऱ्या शॉपला एकच प्रश्न विचारा: २०१९ च्या ५.० लिटर मस्टँगसाठी या किटचा ईओ क्रमांक काय? क्रमांक मिळाला तर तो मंडळाच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळून पाहा. मिळाला नाही, तर त्या किटचा विचार तिथेच सोडावा.

‘माझी गाडी तर अजून स्मॉग टेस्टला, म्हणजे धुराच्या तपासणीला, गेलेलीच नाही’ असे आपल्याला वाटू शकेल. कॅलिफोर्नियात पहिली ८ मॉडेल वर्षे नियमित तपासणीतून सूट असते, हे खरे आहे. पण ती सूट फक्त तपासणीतून आहे, कायद्यातून नाही, आणि आपल्या गाडीची सूट आता संपत आलेली आहे. तपासणीत बॉनेट उघडून भाग पाहिले जातात, आणि जुलै २०२१ पासून इंजिनच्या संगणकातील सॉफ्टवेअरही मूळ किंवा मान्यताप्राप्त आहे का हे वाचले जाते. म्हणजे किटला मान्यता आहे, पण ट्यूनिंग, म्हणजे त्या सॉफ्टवेअरमधील इंधन आणि स्पार्कची जुळणी, कुणाकडून तरी वेगळे करून घेतले, असे चालत नाही. ज्या पुलीच्या मापावर ऑर्डर दिलेली आहे त्यापेक्षा लहान पुली (पट्ट्याची चाकी) बसवून बूस्ट, म्हणजे आत ढकललेल्या हवेचा जादा दाब, वाढवणेही त्या ऑर्डरच्या बाहेर जाते.

आता स्क्रू की सेंट्रिफ्युगल, याकडे येतो. आपल्या मित्रांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. स्क्रू पद्धतीचा सुपरचार्जर, व्हिपल कंपनीचा असतो तसा, दर फेरीला हवेचा ठरावीक घनफळाचा घास पुढे ढकलतो. त्यामुळे इंजिनच्या मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांवरच बूस्ट हजर असतो आणि पाय दाबताच गाडी मोठ्या इंजिनासारखी वागते. ईटन कंपनीच्या रोटरवर चालणारे रूट्स पद्धतीचे सुपरचार्जरही रस्त्यावर बरेचसे असेच वाटतात. सेंट्रिफ्युगल, म्हणजे प्रोचार्जर किंवा व्होर्टेक या कंपन्यांचा असतो तसा, पट्ट्यावर फिरणारा पंखाच असतो आणि त्याचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ७,००० फेऱ्यांना जो ८ पौंड दाब देतो तो ३,५०० फेऱ्यांना साधारण २ पौंडच देईल. शहरात तो जवळपास जाणवत नाही आणि वरच्या फेऱ्यांत एकदम जोर धरतो. इंजिनावर आणि मागच्या टायरांवर खालच्या फेऱ्यांत ताण कमी येतो, इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा गार करणारा भाग, पुढे जाळीमागे वाऱ्यात असतो, आणि म्हणून ट्रॅकवर एकामागून एक फेऱ्या मारताना आत जाणारी हवा तुलनेने थंड राहते. स्क्रू पद्धतीत सुपरचार्जर आणि त्याचा पाण्याचा इंटरकूलर दोन्ही इंजिनच्या डोक्यावर, तापलेल्या धातूच्या सान्निध्यात असतात. ट्रॅकवरच्या काही फेऱ्यांनंतर ते पाणीच गरम होते आणि इंजिनचा संगणक स्पार्क मागे घेऊन ताकद कमी करतो.

आपला मुख्य वापर ऑफिस आणि घाटरस्ते हा आहे. घाटात वळणातून बाहेर पडताना ३,००० च्या आसपास फेऱ्या असतात आणि तिथेच जोर हवा असतो. म्हणून मी स्क्रूच्या बाजूने आहे. ट्रॅक हा आपला नियमित छंद झाला असता तर उत्तर वेगळे दिले असते. अधूनमधून जायचे असेल तर दोन-तीन वेगवान फेऱ्यांनंतर एक संथ फेरी मारण्याची शिस्त पुरेल.

मित्रांच्या चर्चेत ज्याचा सहसा विचार होत नाही, ती गोष्ट म्हणजे आपल्या इंजिनचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन सिलिंडरमधील मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण. फोर्डने २०१८ मध्ये या इंजिनची क्षमता थोडी वाढवली, थेट आणि पोर्ट अशी दुहेरी इंजेक्शन व्यवस्था दिली, ताकद ४६० अश्वशक्तीवर नेली आणि कॉम्प्रेशन ११ वरून १२ केले. याउलट डॉजने २०१५ ची ७०७ अश्वशक्तीची हेलकॅट आणली आणि फोर्डनेच २०२० ची ७६० अश्वशक्तीची शेल्बी जीटी ५०० आणली, तेव्हा सुपरचार्जर असलेल्या या दोन्ही इंजिनांचे कॉम्प्रेशन ९.५ ठेवले होते. कारखान्याला सुपरचार्जर लावायचाच होता, म्हणून त्यांनी उष्णतेसाठी आधीच जागा सोडली. आपल्या इंजिनात ती जागा नाही. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पौंड असतो. त्यात ७ पौंडांची भर पडली की सिलिंडरमध्ये जवळपास दीडपट हवा जाते, आणि ती आधीच दाबून तापलेली हवा पुढे आणखी बारा पट आकुंचन पावते. अशा वेळी स्पार्क पडल्यावर उरलेले मिश्रण आपोआप पेटले तर नॉकिंग सुरू होते, आणि बूस्टखालचे नॉकिंग पिस्टनला काही सेकंदांतही मोडू शकते.

ही अडचण नवी नाही. १९६२ मध्ये ओल्डस्मोबिलने जेटफायर ही टर्बो बसवलेली गाडी विकायला काढली, तिचे कॉम्प्रेशन १०.२५ होते आणि नॉकिंग टाळण्यासाठी पाणी व मेथॅनॉलच्या मिश्रणाची वेगळी टाकी दिली होती. अनेक मालकांनी ती टाकी वेळेवर भरली नाही, तक्रारी वाढल्या, आणि १९६३ नंतर ती गाडी बंद झाली. आज त्या टाकीचे काम इंटरकूलर, थेट इंजेक्शन आणि काळजीपूर्वक केलेले ट्यूनिंग यांनी करायचे असते. म्हणून किट निवडताना जाहिरातीतील अश्वशक्तीपेक्षा ट्यूनिंग कुणी केले आणि कोणत्या पेट्रोलवर केले, हे मी आधी पाहतो. कॅलिफोर्नियात पंपावर साधारणपणे ९१ ऑक्टेनपर्यंतचेच पेट्रोल मिळते; ऑक्टेन म्हणजे पेट्रोल नॉकिंगला किती दाद देत नाही त्याचे माप. जाहिरातीतला आकडा अनेकदा ९३ चा असतो. ९१ वरचे ट्यूनिंग स्पार्क मागे ठेवते आणि ताकद त्या आकड्यापेक्षा कमी भरते. तसे असणेच योग्य आहे. त्याबद्दल शॉपशी वाद घालू नये.

आता प्रतीक्षा. थांबणे तीन प्रकारचे असते आणि आपण कोणत्या प्रकारात आहोत हे कळल्याशिवाय थांबू नये. पहिले थांबणे वस्तूसाठी असते: ओतकाम, रोटर, इंटरकूलर यांपैकी काहीतरी कारखान्यात कमी पडलेले असते. हे कंटाळवाणे असते, पण त्याला शेवट असतो. दुसरे थांबणे ट्यूनिंगसाठी असते. २०२४ च्या नव्या मस्टँगमध्ये फोर्डने इंजिनच्या संगणकाची सुरक्षा पूर्वीपेक्षा फार कडक केली, त्यामुळे त्या गाडीसाठी धातूचे भाग तयार असूनही सॉफ्टवेअरची वाट पाहणे मालकांच्या नशिबी आले. तिसरे थांबणे मान्यतेसाठी असते. ते किट बनवणाऱ्याच्याही हातात नसते, आणि ‘ऑर्डर लवकरच येईल’ या शब्दावर पैसे भरणे मला कधीच पटलेले नाही.

आपली गाडी २०१९ ची आहे. तिच्या संगणकाचे ट्यूनिंग वर्षानुवर्षे होत आले आहे, त्यामुळे दुसरे कारण उरत नाही. आपण मागवलेल्या किटला आज ईओ क्रमांक आहे का, हे पडताळले की तिसऱ्याचाही निकाल लागतो. राहते ते पहिले कारण. आणि त्याशिवाय एक शक्यता अशी की शॉपने आपली ऑर्डर पुढे पाठवलेलीच नाही. ही शक्यता बोलून दाखवायला अवघड वाटते, तरी ती तपासलीच पाहिजे. शॉपकडून किट बनवणाऱ्या कंपनीचा ऑर्डर क्रमांक आणि ऑर्डरची तारीख लेखी मागा, आणि मग थेट त्या कंपनीला फोन करून तो क्रमांक सांगा. पाच महिन्यांत शॉपकडून जे कळले नाही ते या एका फोनमध्ये कळेल. ऑर्डर खरी असेल आणि कंपनी माल निघण्याचा आठवडा सांगत असेल, तर जरूर थांबा.

ऑर्डर खरी नसेल तर पैसे परत मागण्याचा हक्क आपल्याला आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा टपाल, इंटरनेट आणि टेलिफोनवरील ऑर्डरींसाठी नियम आहे: विक्रेत्याने सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत सांगितली नसेल तर ३० दिवसांत, माल पाठवला पाहिजे, उशीर होणार असेल तर ग्राहकाला कळवून रद्द करण्याचा आणि पूर्ण परताव्याचा पर्याय दिला पाहिजे. पहिला उशीर ३० दिवसांपर्यंतचा असेल तर आपले मौन ही संमती धरता येते. त्यापुढच्या किंवा अनिश्चित उशिराला मात्र आपला स्पष्ट होकार लागतो. म्हणून फोनवर ‘ठीक आहे’ म्हणत राहू नका, ईमेलने बोला. कार्ड कंपनीकडे तक्रार करण्यालाही मुदती असतात, तेव्हा तिथे चौकशी या आठवड्यातच करावी.

थांबावे लागले तर तो काळ गाडीसाठी वापरावा. इंजिनची कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (सिलिंडरमधून हवा गळते का ते पाहणारी) चाचणी करून घ्या आणि गाडी आहे तशी डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवून आकडे जपून ठेवा. आधीच कमकुवत असलेल्या सिलिंडरवर बूस्ट देणे धोक्याचे आहे. या इंजिनच्या ऑइल पंपाचे गिअर भुकटी दाबून बनवलेले असतात आणि जास्त ताकदीत, वरच्या फेऱ्यांवर, ते तुटल्याची उदाहरणे माहीत आहेत. ते बदलण्यासाठी इंजिनचा पुढचा भाग उघडावा लागतो, म्हणून सुपरचार्जर बसवतानाच पोलादी गिअर बसवणे मजुरीच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते. टायर आणि ब्रेक पॅड यांचेही तेव्हाच पाहा. फोर्डची ५ वर्षे किंवा ६०,००० मैलांची पॉवरट्रेन वॉरंटी आपल्या गाडीवर आता उरलेली नाही, तेव्हा किटची स्वतःची वॉरंटी काय आहे आणि ती कुणी बसवल्यास लागू होते, हे वाचून घ्या. विमा कंपनीलाही बदल कळवा.

प्रश्न: माझ्याकडे भारतात घेतलेली २०१७ ची मस्टँग जीटी आहे. अमेरिकेतून किट आणून पुण्यात बसवता येईल का?

उत्तर: रस्त्यावर चालवायच्या गाडीला बसवू नये. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. सीएनजी किटला जशी मान्यतेची वाट आहे तशी सुपरचार्जर किटला आपल्याकडे नाही, आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. गाडी केवळ कोइंबतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकपुरती ठेवणार असाल तर गोष्ट निराळी. तेव्हाही पेट्रोलच्या आकड्यांची गल्लत करू नका: अमेरिकेतील पंपावरचा आकडा आरओएन आणि एमओएन या ऑक्टेनच्या दोन मापांची सरासरी असते, आपल्याकडे फक्त आरओएन लिहितात. त्यांचे ९१ म्हणजे आपले सुमारे ९५ ते ९६. म्हणून ९१ साठी केलेल्या अमेरिकी ट्यूनिंगवर आपले ९१ चे पेट्रोल कधीही घालू नये, आणि ९३ साठी केलेल्या ट्यूनिंगला ९५ देखील पुरणार नाही; तिथे १०० ऑक्टेनसारखे वरचे पेट्रोल लागेल.