पारायण आणि परायण

प्रश्न असा आहे : “वडिलांच्या आजारपणात आईने गुरुचरित्राचे परायण केले, असे मी लिहिले, तेव्हा ‘पारायण’ अशी दुरुस्ती सुचवण्यात आली. मग ‘हरिभक्तपरायण’ कसे चालते?”

दुरुस्ती योग्य आहे, कारण ही एका शब्दाची दोन रूपे नसून दोन निराळे शब्द आहेत. दोन्हींच्या शेवटी ‘अयन’ म्हणजे जाणे, वाट किंवा जाऊन पोहोचण्याचे ठिकाण, हे पद आहे आणि ‘रामायण’, ‘उत्तरायण’ यांतल्याप्रमाणे ‘र’मुळे ‘न’चा ‘ण’ झाला आहे. फरक आहे तो पहिल्या पदात. ‘पार’ म्हणजे पैलतीर, म्हणून ग्रंथ आरंभापासून समाप्तीपर्यंत वाचून पैलतीराला जाणे ते पारायण. शब्द फार जुना आहे : पाणिनीच्या ‘पारायणतुरायणचान्द्रायणं वर्तयति’ या सूत्रात तो येतो आणि पारायण करणाऱ्या छात्राला ‘पारायणिक’ म्हणत. रोज एखादा अध्याय वाचणे हा नित्यपाठ होतो. पारायणाला बसले म्हणजे ग्रंथ पुरा करायचा, मधेच उठायचे नाही.

पारायण सात दिवसांत पुरे करण्याच्या प्रथेमागे भागवतातील परीक्षित राजाची कथा सांगतात. सातव्या दिवशी तक्षकाच्या दंशाने मृत्यू येणार हे कळल्यावर तो गंगातीरी बसला आणि शुकमुनींनी त्याला भागवत ऐकवले. शेवटी तो म्हणतो, ‘भगवंस्तक्षकादिभ्यो मृत्युभ्यो न बिभेम्यहम्’, म्हणजे तक्षकादी मृत्यूंना मी आता भीत नाही. दंश टळला नाही, भय गेले. संकटात पोथीला बसणाऱ्या माणसाला ग्रंथातून मिळणारे बळ कोणत्या जातीचे असते, हे मला या एका ओळीत फार स्पष्ट दिसते.

‘परायण’मधील ‘पर’ म्हणजे श्रेष्ठ, अंतिम. जिथे शेवटी जाऊन टेकायचे तो परम आश्रय म्हणजे परायण, आणि समासाच्या शेवटी त्याचा अर्थ ‘तोच ज्याचा आश्रय आहे असा’ होतो : धर्मपरायण, कर्तव्यपरायण, गीतेतील मत्परायण. गीतेच्याच तेराव्या अध्यायात ‘तेऽपि चातितरन्त्येव मृत्युं श्रुतिपरायणाः’ असे वचन आहे. ज्यांना स्वतःला तत्त्व उमगलेले नाही, पण जे इतरांकडून ऐकून उपासना करतात, ते श्रवणाचा आधार घेणारेही मृत्यू तरून जातात. शंकराचार्य या समासाचा विग्रह करताना श्रवण हेच ज्यांचे ‘परम् अयनम्’ आहे ते, असे सांगतात. ओवीचा अर्थ पुरता न कळता वाचणाऱ्यांना आपण सहज अडाणी ठरवतो. गीता त्यांना ‘तेऽपि’ म्हणून आत घेते, हे विसरू नये. या चरणात ‘परायण’ आहे आणि तरून जाणेही आहे, त्यामुळे दोन्ही शब्दांचे अर्थ येथे जवळ येतात, रूपे मात्र वेगळीच राहतात.

कीर्तनकारांच्या नावामागील ‘ह.भ.प.’ची फोड ‘हरिभक्तपरायण’ अशी रूढ आहे. हरिभक्तांना परम आश्रय मानणारा, असा तिचा अर्थ लावता येतो. पण हरीच्या भक्तीत रमलेला असे म्हणायचे असेल, तर ‘हरिभक्तिपरायण’ हे रूप मला अधिक सरळ वाटते.

तुमच्या वाक्यात आईने केले ते पारायण. त्या काळात तिला दुसरा आधार नव्हता असे सांगायचे असेल, तर ती ‘गुरुचरित्रपरायण’ होती असेही लिहिता येईल.