आईने सही केली, मतदार यादीत नाव आलं. पण आई नागरिक नाही

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मी आणि बायको अमेरिकन नागरिक आहोत, आई (वय ७१) सहा वर्षांपासून ग्रीन कार्डवर आहे. आमच्या असेंब्ली (राज्याच्या विधिमंडळातल्या) सदस्यांचं पत्रक घरी आलं होतं. त्यात मतदार नोंदणी, लवकर मतदान, पोस्टाने मतपत्रिका, शिवाय मालमत्ता कराचा परतावा आणि ज्येष्ठांना बसभाड्यात सवलत अशी माहिती होती. त्यांच्या कार्यालयाने भरवलेल्या शिबिराला आई शेजारच्या काकूंबरोबर बसच्या सवलतीचं विचारायला गेली. टेबलावरच्या मुलीने दोन फॉर्म भरून दिले, आईने दोन्हींवर सह्या केल्या. आता काउंटीकडून मतदार म्हणून नोंद झाल्याचं पत्र आलंय. आईने मतदान केलेलं नाही. पुढच्या महिन्यात तिचा नागरिकत्वाचा अर्ज भरायचा होता आणि दिवाळीला ती सांगलीला जाणार आहे. असेंब्ली सदस्यांकडे लेखी तक्रार करू, की पत्र फाडून गप्प बसू? ओळखीचे म्हणतात, एवढ्याने काही होत नाही.

उत्तर : पत्र फाडू नका, तक्रारही आज करू नका, आणि पुढच्या महिन्यातला नागरिकत्वाचा अर्ज थांबवा. आईंनी मतदान केलेलं नाही, ही या प्रकरणातली सगळ्यात चांगली बाजू आहे. पोस्टाने मतपत्रिका आली तरी ती भरायची नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. नागरिक नसलेल्याने अमेरिकेच्या संघीय निवडणुकीत मत देणं हा गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते आणि ग्रीन कार्डही जाऊ शकतं.

'एवढ्याने काही होत नाही' म्हणणाऱ्यांनी १९९६ चा कायदा वाचलेला नाही. ३० सप्टेंबर १९९६ पासून, संघीय किंवा राज्याच्या कायद्याखालच्या कोणत्याही कामासाठी वा लाभासाठी 'मी अमेरिकन नागरिक आहे' असं खोटं सांगणं हे देशाबाहेर काढायला स्वतंत्र कारण आहे. मतदार नोंदणीचा फॉर्म सुरू होतो तोच 'तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का?' या प्रश्नाने. 'नाही' असेल तर फॉर्म पुढे भरू नका, असंही तिथेच छापलेलं असतं. म्हणजे त्या मुलीने 'हो'वर खूण केली असेल आणि खाली आईंची सही असेल, तर कागदावर तो दावा आईंचा ठरतो. मनात काय होतं याला फौजदारी खटल्यात महत्त्व आहे. जाणूनबुजून खोटं लिहिल्याचं सरकारला सिद्ध करावं लागतं. इमिग्रेशनच्या बाजूने मात्र अपील मंडळाने २०१९ साली असा निर्णय दिला, की हद्दपारीसाठी तो दावा जाणूनबुजून केल्याचं सिद्ध करण्याची गरज नाही. मला तो निर्णय पटत नाही, पण मला न पटल्याने आईंचं संरक्षण होत नाही.

इलिनॉयमध्ये पेरूच्या एका बाईंनी वाहन परवान्याच्या खिडकीवर स्वतःचा पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दाखवलं. मतदार नोंदणी करायची का, असं क्लार्कने विचारलं. करू का, म्हटल्यावर तो म्हणाला, तुमची मर्जी. त्यांनी नागरिकत्वाच्या चौकटीत खूण केली, २००६ साली मतदानही केलं आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जात हे प्रामाणिकपणे सांगितलं. २०१७ साली फेडरल अपील न्यायालयाने त्यांच्या हद्दपारीचा हुकूम कायम ठेवला. आई त्यांच्याइतक्या पुढे गेलेल्या नाहीत. पण अशा प्रकरणाला वाचा बहुतेक वेळा नागरिकत्वाच्या अर्जातच फुटते, कारण एन-४०० या नागरिकत्वाच्या फॉर्ममध्ये दोन्ही प्रश्न सरळ विचारलेले आहेत : कधी स्वतःला अमेरिकन नागरिक म्हणवलंत का, आणि कधी मतदार म्हणून नोंद केलीत का. तिथे 'नाही' लिहिलंत तर आजवर जी चूक होती तिचं शपथेवरचं खोटं होईल. 'हो' लिहायचं तर त्याच्या जोडीला कागद तयार हवेत. तोवर अर्जच नको. अर्ज लांबल्याने आईंचं काहीही बिघडत नाही.

आता कागदांचं. सगळ्यात आधी हवी ती त्या नोंदणी फॉर्मची प्रत, आणि ती वकिलामार्फत मागवा. चौकटीत खूण कुणाच्या हातची आहे, की ती कोरीच राहिली आहे, यावर पुढचं निम्मं प्रकरण ठरेल. न्यू जर्सीच्या फॉर्मवर खाली एक ओळ आहे : अर्जदाराला फॉर्म भरता येत नसेल तर भरणाऱ्याने आपलं नाव-पत्ता लिहावा. ती ओळ भरलेली असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर काकूंचं प्रतिज्ञापत्र लागेल : टेबलावर बोलणं कोणत्या भाषेत झालं, आईंना काय सांगितलं गेलं, बसच्या फॉर्मबरोबर हा दुसरा कागद पुढे कसा आला. (तुमच्या मिडलसेक्स काउंटीत निवडणुकीचे कागद गुजरातीतही मिळतात, मराठीत नाही. ज्यावर सही केली ते आईंना वाचता आलं का, हा प्रश्न म्हणूनच पोकळ नाही.) काकूंची आठवण ताजी आहे तोवर हे लिहून घ्या.

त्यानंतर नाव रद्द करण्याचा अर्ज, काउंटीच्या मतदार नोंदणी कार्यालयाकडे. यात उशीर नको, कारण कुणी बोट दाखवण्याआधी आपणहून दावा मागे घेतला तर तो मुद्दा बचावात मांडता येतो. अधिकाऱ्याने पकडल्यावर मांडता येत नाही. सरकार मतदार याद्या इमिग्रेशनच्या नोंदींशी ताडून पाहतं, तेव्हा आपलं नाव कुणाच्या नजरेला येणार नाही या भरवशावर राहू नका. मात्र त्या अर्जाचा मजकूर वकिलाने लिहिलेला हवा. भावनेच्या भरात 'माझ्या आईने चुकून नागरिक असल्याचं सांगितलं' असं तुम्ही लिहून पाठवलंत, तर सरकारच्या फायलीत कबुलीजबाब गेला म्हणून समजा.

असेंब्ली सदस्यांवरचा तुमचा राग मला कळतो. मतदानाची आणि सवलतींची माहिती एकाच पत्रकात, एकाच टेबलावर द्यायची आणि समोरची व्यक्ती नागरिक आहे का हे विचारायचं नाही, हा निष्काळजीपणा आहे. एडिसनसारख्या गावात तर अक्षम्य. पण त्यांच्या कार्यालयात तुम्ही जे बोलाल ते वकिलाशी बोलल्यासारखं गुप्त राहत नाही. शिवाय इमिग्रेशन हा वॉशिंग्टनचा विषय. राज्याच्या विधिमंडळातल्या सदस्याचा तिथे काडीचा अधिकार नाही. तुमच्या काँग्रेस (अमेरिकी संसद) सदस्याचं कार्यालय अडकलेल्या अर्जाची चौकशी करू शकतं, तेही अर्ज असेल तर. ती मुलगी कार्यालयाची कर्मचारी होती की स्वयंसेवक, एवढं मात्र वकिलाला शोधू द्या. तक्रार नंतर करता येईल, आणि करावी असं मला वाटतं.

दिवाळीच्या प्रवासाबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंय, मला तोच भाग जास्त काळजीचा वाटतो. ग्रीन कार्डधारक सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिला, तर परतताना तो नव्याने प्रवेश मागणारा धरला जातो, आणि मग नागरिकत्वाचा खोटा दावा विमानतळावरच आडवा येऊ शकतो. दिवाळीला जाऊन उन्हाळ्यात परतायचं ही आपल्याकडच्या आयांची ठरलेली रीत. यंदा ती चालणार नाही. नोंदणी रद्द होऊन वकिलाने हिरवा कंदील दाखवेपर्यंत जाऊच नये, हे उत्तम. तिकीट फिरवता येत नसेल, तर मुक्काम काही आठवड्यांचाच ठेवा.

पत्रकातल्या बाकीच्या गोष्टींना घाबरून हात लावायचा नाही, असंही करू नका. एनजे ट्रान्झिट या राज्याच्या बससेवेची सवलत ६२ वर्षांपुढच्यांना आहे, तिला नागरिकत्व लागत नाही. आईंचा तो फॉर्म व्यवस्थित आहे. 'अँकर' या राज्याच्या योजनेतला मालमत्ता कराचा परतावा घरमालक किंवा भाडेकरूला मिळतो. घर तुमच्या नावावर असेल तर तो अर्ज तुमचा, आईंचा नाही.

आणि मत द्यायची आईंना खरोखर हौस असेल, तर त्यांचा हक्क सांगलीत शाबूत आहे. त्या अजून भारतीय नागरिक आहेत. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम २०अ खाली परदेशात राहणाऱ्या भारतीयाला नमुना ६अ भरून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव घालता येतं. मत मात्र तिथे जाऊन, मूळ पासपोर्ट दाखवूनच द्यावं लागतं. तुम्हा दोघांना ती सोय नाही. तुम्ही नागरिकत्व बदललंय.

वकील निवडताना तो इमिग्रेशनचाच हवा. फॉर्म भरून देणारे 'कन्सल्टंट' नकोत, आणि देवळात भेटणारे अनुभवी काकाही नकोत. पहिल्या भेटीत काउंटीचं पत्र लिफाफ्यासकट न्या. त्यावरची पोस्टाची तारीख लागेल. आईंना स्वतःला बोलू द्या, मराठीतच, दुभाषा घेऊन. तुम्ही मध्ये बोलून त्यांची हकीकत नीटनेटकी करू नका; वकिलाला ती जशी घडली तशीच हवी असते.